पॉवर सेमीकंडक्टर डिव्हाइसचा पदव्युत्तर अभ्यास: ड्रिफ्ट थराच्या हिशेबापासून मोजमापाच्या टेबलापर्यंत

शेकडो किंवा हजारो व्होल्ट अडवून धरणे आणि गेटवर इशारा मिळताच शक्य तितक्या कमी रोधाने विद्युतधारा वाहू देणे, ही पॉवर डिव्हाइसची दोन कामे आहेत आणि ती एकमेकांच्या मुळावर उठणारी आहेत. या विषयात पदव्युत्तर किंवा पीएच.डी. स्तरावर येणारे विद्यार्थी साधारणपणे दोन वाटांनी येतात. काहींचा पाया अर्धवाहकांच्या भौतिकीचा असतो. त्यांना पी-एन संधीच्या आत काय घडते ते ठाऊक असते, पण कन्व्हर्टरमध्ये त्या संधीला काय काय सोसावे लागते याची कल्पना नसते. दुसरे पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधून येतात आणि त्यांच्या लेखी मॉसफेट (गेटच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) म्हणजे सर्किटच्या आकृतीतले एक चिन्ह असते. मी दुसऱ्या वाटेने आले. पहिल्या वर्षातला माझा बराचसा वेळ चुकीच्या क्रमाने शिकण्यात गेला. तुमचा तो वाचावा म्हणून मला आज योग्य वाटणारा क्रम येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. या विषयातला कोणताही आकडा समोर आला की तो किती क्षेत्रफळावर, कोणत्या तापमानाला आणि स्विच चालू झाल्यानंतर किती वेळाने घेतला आहे, हे विचारल्याशिवाय तो वहीत उतरवू नका. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हे तीन प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

जवळ काय असावे

- पी-एन संधी, शॉटकी संपर्क आणि मॉस कपॅसिटर यांचा पदवी स्तरावरचा अभ्यास. पॉयसनचे समीकरण एका मितीत कागदावर सोडवता आले पाहिजे. ते जमत नसेल तर एक महिना त्यालाच द्या.
- बक आणि बूस्ट कन्व्हर्टर, तसेच इंडक्टिव्ह भाराचे स्विचिंग समजण्याइतके सर्किटचे ज्ञान.
- टीकॅड सिम्युलेटर, म्हणजे डिव्हाइसच्या आतली भौतिकी संगणकावर सोडवणारे साधन. सेंटॉरस आणि सिल्व्हाको ही सर्वाधिक वापरली जाणारी व्यावसायिक साधने आहेत, त्यांचा परवाना बहुधा विभागाकडे असतो. परवाना मिळेपर्यंत डेव्हसिम हे मुक्त स्रोत साधन सरावाला चालते.
- सर्किटसाठी एलटीस्पाइस किंवा तत्सम स्पाइस, आणि आलेख व हिशेबासाठी पायथन.
- पानांवर क्रमांक असलेली, कायम शाईने लिहायची वही. सिम्युलेशनच्या प्रत्येक फाइलचे नाव, तारीख आणि त्या दिवशी केलेला बदल तिच्यात लिहा. संगणकावरच्या फोल्डरांची नावे सहा महिन्यांनी कोणालाच उलगडत नाहीत, ज्याने ती दिली त्यालाही नाही.

१. ड्रिफ्ट थराचा हिशेब हाताने करा

सिम्युलेटर उघडण्याआधी ही पायरी पूर्ण करा. पॉवर डिव्हाइसमध्ये व्होल्टेज अडवण्याचे काम कमी डोपिंगचा (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्ध अणूंचा) एक जाड थर करतो, त्याला ड्रिफ्ट थर म्हणतात. उलट व्होल्टेज लावले की या थरातले विद्युतक्षेत्र संधीपाशी सर्वाधिक असते आणि तेथून उतरत जाऊन दुसऱ्या टोकाशी शून्य होते, म्हणजे आलेखावर त्रिकोण दिसतो. त्रिकोणाची उंची पदार्थाच्या क्रांतिक क्षेत्राइतकी, म्हणजे तो सोसू शकेल अशा कमाल क्षेत्राइतकी, झाली की ब्रेकडाउन होते, आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजेच ब्रेकडाउन व्होल्टेज. पुढचे सगळे यातूनच निघते. थराची जाडी म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजची दुप्पट भागिले क्रांतिक क्षेत्र, आणि डोपिंग म्हणजे परावैद्युतांक गुणिले क्रांतिक क्षेत्राचा वर्ग, भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि व्होल्टेज यांच्या गुणाकाराची दुप्पट.

आता १२०० व्होल्टचे उदाहरण घ्या. एवढ्या व्होल्टेजला साजेशा कमी डोपिंगच्या सिलिकॉनमध्ये क्रांतिक क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे २.४ लाख व्होल्ट असते. त्यावरून जाडी १०० मायक्रोमीटर येते आणि डोपिंग दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ गुणिले १० चा १४वा घात. ४एच प्रकारच्या सिलिकॉन कार्बाइडमध्ये क्रांतिक क्षेत्र सुमारे २५ लाख व्होल्ट धरले, तर जाडी १० मायक्रोमीटरच्याही किंचित खाली उतरते आणि डोपिंग सुमारे १.४ गुणिले १० चा १६वा घात इतके वाढवता येते. थर दहापट पातळ आणि जवळजवळ शंभरपट अधिक डोपिंगचा झाला. मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात वाहक किती सहज सरकतात याचे माप, चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदात) सिलिकॉनसाठी १४०० आणि सिलिकॉन कार्बाइडसाठी ९०० धरून एक चौरस सेंटिमीटरचा रोध काढलात, तर सिलिकॉनसाठी सुमारे ०.२९ ओम मिळेल आणि सिलिकॉन कार्बाइडसाठी सुमारे ०.४८ मिलिओम. हा फरक सहाशे पटींचा आहे. सिलिकॉन कार्बाइडचा एवढा गाजावाजा का होतो, हे मला पहिल्यांदा कळले ते कोणत्याही व्याख्यानातून नव्हे, तर हा हिशेब स्वतः केल्यावर.

क्षेत्रफळाने गुणलेल्या या रोधाला विशिष्ट ऑन-रोध म्हणतात आणि त्याचे एकक ओम चौरस सेंटिमीटर आहे. नवशिके ते ‘ओम प्रति चौरस सेंटिमीटर’ असे वाचतात. ते चूक आहे. डिव्हाइसचे क्षेत्रफळ वाढले की रोध घटतो, म्हणून येथे गुणाकार होतो, भागाकार नव्हे.

परावैद्युतांक, मोबिलिटी आणि क्रांतिक क्षेत्राचा घन यांच्या गुणाकाराला बालिगा गुणांक म्हणतात. जयंत बालिगा यांनी तो १९८२ मध्ये मांडला, आणि नवा पदार्थ पुढे आला की पहिल्याच आकृतीत तो दिसतो. मात्र त्याच्या आहारी जाऊ नका, कारण हा गुणांक फक्त ड्रिफ्ट थराबद्दल बोलतो. गॅलियम ऑक्साइडचा बँडगॅप सुमारे ४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, त्यामुळे गुणांकाच्या यादीत तो सिलिकॉन कार्बाइडच्या वर बसतो. पण त्याची उष्णतावाहकता सिलिकॉनपेक्षाही बरीच कमी आहे आणि त्यात उपयोगी पडेल असे पी-प्रकारचे डोपिंग होत नाही. या दोन्ही गोष्टी गुणांकात कोठेच दिसत नाहीत.

हिशेब येथेच थांबवू नका. वर काढलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या ड्रिफ्ट थरावर एक साधा मॉसफेट कल्पा: ६ मायक्रोमीटर रुंदीचा सेल, अर्धा मायक्रोमीटर लांबीचे दोन चॅनेल, ५० नॅनोमीटरचा ऑक्साइड, गेटवर थ्रेशोल्डच्या (चॅनेल चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) वर १५ व्होल्ट आणि चॅनेलमधली मोबिलिटी फक्त २०. या चॅनेलचा विशिष्ट रोध सुमारे ०.७ मिलिओम चौरस सेंटिमीटर येतो. खालचा सबस्ट्रेट ३५० मायक्रोमीटर जाड आणि २० मिलिओम-सेंटिमीटर रोधकतेचा असेल, तर त्याचेही ०.७ येतात. म्हणजे ज्या ड्रिफ्ट थरासाठी एवढा खटाटोप केला त्याचा वाटा ०.४८ एवढाच आणि उरलेल्या दोघांचा मिळून जवळजवळ तिप्पट. कंपन्या वेफर मागून घासून पातळ का करतात, आणि सिलिकॉन कार्बाइडवरच्या संशोधनाचा एवढा मोठा भाग ऑक्साइडच्या सीमेवर का खर्च होतो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

२. डिव्हाइसची कुटुंबे एका प्रश्नाच्या आधारे लावा

डिव्हाइसची यादी पाठ करू नका. प्रत्येक रचनेला एकच प्रश्न विचारा: ड्रिफ्ट थराच्या रोधावर हिने काय उपाय केला?

सिलिकॉनच्या साध्या मॉसफेटने काहीच केलेला नाही. त्याचा आदर्श विशिष्ट रोध व्होल्टेजच्या अडीचाव्या घाताने वाढतो, म्हणजे व्होल्टेज दुप्पट केले की रोध साडेपाच पटींहून अधिक होतो आणि काही शे व्होल्टनंतर तो परवडत नाही. सुपरजंक्शन मॉसफेटने ड्रिफ्ट थरात पी आणि एन प्रकारचे उभे स्तंभ आलटूनपालटून रचले. बंद अवस्थेत त्यांचे प्रभार एकमेकांना तोलतात, त्यामुळे डोपिंग वाढवूनही व्होल्टेज अडवता येते. सीमेन्सच्या अर्धवाहक विभागाने (आजच्या इन्फिनिऑनने) १९९८ मध्ये अशी डिव्हाइस बाजारात आणली. आयजीबीटीने (मॉसफेटचे गेट आणि द्विध्रुवी ट्रान्झिस्टर यांचा मेळ), जो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, वेगळा मार्ग धरला. खालून होल सोडून ड्रिफ्ट थर वाहकांनी भरून टाकायचा आणि त्याचा रोध पाडायचा. या सोयीची किंमत बंद होताना चुकवावी लागते, कारण भरलेले वाहक निघून जाईपर्यंत शेपटीसारखी धारा वाहत राहते आणि प्रत्येक स्विचिंगला ऊर्जा खाते. सिलिकॉन कार्बाइडने पदार्थच बदलला. त्याचे शॉटकी डायोड २००१ मध्ये बाजारात आले आणि मॉसफेट त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

गॅलियम नायट्राइडचा हेम्ट (उच्च मोबिलिटीच्या इलेक्ट्रॉनांचा ट्रान्झिस्टर) या रांगेत नीट बसत नाही, म्हणून त्याला थोडा अधिक वेळ द्या. त्यात विद्युतधारा आडवी वाहते. अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइड यांच्या सीमेवर ध्रुवीकरणामुळे इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पडदा आपोआप तयार होतो, त्यासाठी डोपिंग लागत नाही. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० चा १३वा घात इतके हे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची मोबिलिटी १५०० ते २००० पर्यंत जाते. साहजिकच असे डिव्हाइस मुळात चालू असते. कन्व्हर्टरला मात्र गेटवर शून्य व्होल्ट असताना बंद राहणारा स्विच लागतो, म्हणून पी-प्रकारच्या गॅलियम नायट्राइडचे गेट किंवा सिलिकॉन मॉसफेटबरोबर कॅस्कोड असे उपाय करतात. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की आडव्या हेम्टमध्ये अॅव्हलांच ब्रेकडाउनचा आधार नाही. सिलिकॉनचा मॉसफेट व्होल्टेज क्षणभर मर्यादेबाहेर गेले तर ती ऊर्जा पचवू शकतो. हेम्ट तेथे कायमचा निकामी होतो.

प्रबंधासाठी यांपैकी एकच कुटुंब निवडा, पण अभ्यास सर्वांचा करा.

३. सिम्युलेशन: आधी उत्तराचा अंदाज, मग बटण

टीकॅडचा सर्वात मोठा धोका हा की ते नेहमी उत्तर देते. पहिल्या पायरीतले हिशेब वहीत नसतील तर ते उत्तर चुकीचे आहे हे कळायला काहीही मार्ग उरत नाही.

माझ्याकडून झालेली चूक सविस्तर सांगते. १२०० व्होल्टच्या सिलिकॉन कार्बाइड मॉसफेटचे माझे पहिले सिम्युलेशन सबस्ट्रेट वगळून ०.३६ मिलिओम चौरस सेंटिमीटर एवढा विशिष्ट रोध दाखवत होते. आदर्श ड्रिफ्ट थराची मर्यादा ०.४८ असताना माझा संपूर्ण मॉसफेट त्या मर्यादेच्या खाली! दोन दिवस मी स्वतःवरच खूश होते. नंतर शंका आली आणि तीन आठवडे मी मेश (गणनेसाठी डिव्हाइसवर टाकलेले बिंदूंचे जाळे) बारीक करत बसले, कारण चूक असलीच तर ती काहीतरी गहन असणार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सममितीमुळे मी सेलचा अर्धाच भाग, ३ मायक्रोमीटर रुंदीचा, सिम्युलेट केला होता आणि क्षेत्रफळ काढताना सवयीने ती रुंदी पुन्हा निम्मी केली होती. खरे उत्तर ०.७२ होते. त्यातही दुसरी चूक दडलेली होती: चॅनेलमधल्या मोबिलिटीसाठी सीमेवरचे मॉडेल चालूच केलेले नव्हते, त्यामुळे चॅनेल सीमेपासून दूर, पदार्थाच्या आत असते त्या ९०० च्या मोबिलिटीने धारा वाहत होता आणि त्याचा रोध जवळजवळ शून्य दिसत होता. मोबिलिटी २० वर आणल्यावर एकूण रोध १.४ च्या आसपास गेला. एका चुकीने दुसरी झाकली होती.

म्हणून द्विमितीय सिम्युलेशनमध्ये आधी हे तपासा: तिसऱ्या मितीची खोली किती धरली आहे (बहुधा ती आपोआप १ मायक्रोमीटर असते), अर्धा सेल आहे की पूर्ण, आणि क्षेत्रफळ त्याच रुंदीने काढले आहे ना. त्यानंतर पुढील गोष्टींकडे वळा.

सिलिकॉन कार्बाइडचा बँडगॅप ३.२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, सिलिकॉनचा १.१२. याचा संख्यात्मक परिणाम अनेकांना ठाऊक नसतो. सामान्य तापमानाला सिलिकॉनमध्ये दर घन सेंटिमीटरला सुमारे १० चा १०वा घात इतके अंगभूत वाहक असतात, तर सिलिकॉन कार्बाइडमध्ये ती संख्या १० च्या उणे ८व्या घाताच्या आसपास येते. एन-प्रकारच्या थरात बहुसंख्य वाहक १० चा १६वा घात असतील, तर अल्पसंख्य वाहक १० च्या उणे ३२व्या घाताइतके उरतात. संगणकाची नेहमीची दुहेरी अचूकता जेमतेम सोळा अंक सांभाळते. परिणामी ब्रेकडाउनचे सिम्युलेशन अडखळते, किंवा गळतीच्या धारेचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि विद्यार्थी त्यात भौतिकी शोधू लागतो. सिम्युलेटरमध्ये वाढीव अचूकतेचा पर्याय असतो, तो चालू करा. वेळ जास्त लागेल, पण दाते जातील.

मॉडेलांपैकी किमान एवढी चालू असल्याची खात्री करा: शॉकली-रीड-हॉल आणि ऑजर पुनर्संयोग, डोपिंग व क्षेत्रानुसार बदलणारी मोबिलिटी, आघात आयनीभवन, आणि सिलिकॉन कार्बाइडसाठी अपूर्ण आयनीभवन. यातला शेवटचा मुद्दा सिलिकॉनवाले हमखास विसरतात. सिलिकॉन कार्बाइडमध्ये अॅल्युमिनियमची स्वीकारक पातळी सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल असते, त्यामुळे सामान्य तापमानाला टाकलेल्या अणूंपैकी थोडेच प्रत्यक्ष होल देतात. शिवाय या पदार्थात आघात आयनीभवन स्फटिकाच्या दिशेनुसार बदलते आणि वेफर अक्षापासून ४ अंशांनी कललेले कापलेले असतात. पहिल्या सिम्युलेशनला हा तपशील लागत नाही, प्रबंधाला लागतो.

मेशबद्दल थोडक्यात: ऑक्साइडच्या सीमेवर नॅनोमीटरचा, संधीपाशी बारीक आणि ड्रिफ्ट थराच्या मध्यभागी ढोबळ. मेश दुप्पट बारीक करून उत्तर एक-दोन टक्क्यांहून अधिक हलत नसेल तर पुढे चला.

४. मध्यभाग झाला की कडेकडे पाहा

आतापर्यंतचा हिशेब अनंत पसरलेल्या सपाट संधीचा होता. खरी चिप कोठेतरी संपते, आणि जेथे संपते तेथे संधी वाकलेली असते. वाकलेल्या भागात क्षेत्ररेषा दाटतात आणि ब्रेकडाउन सपाट संधीच्या कितीतरी आधी होते. फील्ड प्लेट, गार्ड रिंग आणि संधी-विस्तार या रचना ही दाटी पसरवण्यासाठी असतात. संधी-विस्तारासाठी लागणाऱ्या प्रभाराचा अंदाजही हाताने येतो: परावैद्युतांक गुणिले क्रांतिक क्षेत्र, भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार. सिलिकॉनसाठी हे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.५ गुणिले १० चा १२वा घात येते आणि सिलिकॉन कार्बाइडसाठी सुमारे १.३ गुणिले १० चा १३वा घात. इष्ट मात्रा यापेक्षा कमीच ठेवतात, आणि तिच्या थोडे वर-खाली गेले तरी ब्रेकडाउन व्होल्टेज झपाट्याने कोसळते, म्हणून नुसते शिखर दाखवू नका, मात्रेची किती चूक खपते तेही दाखवा.

याच पायरीवर ऑक्साइडमधले क्षेत्र मोजा. सीमेवर गाउसच्या नियमाने ऑक्साइडमधले क्षेत्र अर्धवाहकातल्या क्षेत्राच्या सुमारे अडीचपट असते. सिलिकॉन कार्बाइडमध्ये २५ लाख असेल तर ऑक्साइडमध्ये ६० लाखांच्या वर जाते, आणि दीर्घकाळ टिकण्यासाठी ते ३० ते ४० लाखांच्या आत ठेवण्याची रीत आहे. ट्रेंच मॉसफेटच्या (ज्याचे गेट खणलेल्या चरात असते त्याच्या) चराच्या तळाच्या कोपऱ्यावर हा प्रश्न सर्वात बिकट असतो. ऑक्साइडमधले क्षेत्र न दाखवता केवळ ब्रेकडाउन व्होल्टेज मिरवणारे सिम्युलेशन परीक्षक पहिल्याच प्रश्नात पाडतात.

५. क्लीनरूममध्ये जाणार असाल तर

सिलिकॉनच्या सवयी दाराबाहेर ठेवा. सिलिकॉन कार्बाइडमध्ये डोपिंगचे अणू जवळजवळ विसरण पावत नाहीत, त्यामुळे ते इम्प्लांट करून जेथे ठेवले तेथेच राहतात आणि सिलिकॉनमधली दुहेरी विसरणाची युक्ती येथे चालत नाही. अॅल्युमिनियमचे इम्प्लांट बहुधा ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या वेफरवर करतात आणि नंतर ते सक्रिय करण्यासाठी १६०० ते १७०० अंशांची भट्टी लागते. पृष्ठभागावर त्याआधी कार्बनचे आवरण द्यावे लागते, नाहीतर पृष्ठभाग खडबडीत होतो. ऑक्साइड वाढवल्यानंतर नायट्रिक ऑक्साइडमध्ये तापवले नाही, तर सीमेवरच्या सापळ्यांमुळे चॅनेल मोबिलिटी एक आकडी राहते.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे प्रशिक्षण घेतल्याखेरीज ते वापरतात त्या हुडजवळ (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाजवळ) उभेही राहू नका. त्याची इजा सुरुवातीला अनेकदा दुखत नाही, आणि दुखू लागते तोवर आम्ल आत पोचलेले असते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कोठे ठेवले आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

६. मोजमाप

स्थिर मोजमापापासून सुरुवात करा. दहा मिलिओमचे डिव्हाइस दोन तारांनी मोजलेत तर तुम्ही तारा आणि सुया मोजत आहात, डिव्हाइस नव्हे. धारा एका जोडीने द्या आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीने, थेट पॅडवरून, घ्या. मोठी धारा सलग वाहू दिली तर चिप तापते आणि रोध वाढतो, म्हणून काही मायक्रोसेकंदांचे स्पंद वापरा आणि स्पंदाची लांबी आलेखाखाली लिहा. हजार व्होल्टच्या वर उघड्या चिपवर सुया टेकवून मोजताना हवेतूनच ठिणगी उडते आणि तुमचे डिव्हाइस जळाल्याचा भास होतो, किंवा ते खरोखरच जळते. त्यासाठी चिप फ्लुओरिनर्टसारख्या विद्युतरोधक द्रवाखाली ठेवतात.

स्विचिंगसाठी दुहेरी स्पंद चाचणी असते. इंडक्टरमधून पहिल्या स्पंदात धारा हव्या त्या मूल्यापर्यंत चढवायची, स्पंद संपताना बंद होण्याची ऊर्जा मोजायची आणि दुसऱ्या स्पंदाच्या सुरुवातीला चालू होण्याची. ४०० व्होल्ट आणि २०० मायक्रोहेन्री असतील तर १० मायक्रोसेकंदांत धारा २० अँपिअरवर पोचते. कागदावर हे सोपे आहे, खरी गोची प्रोबमध्ये असते. व्होल्टेजचा प्रोब आणि धारेचा शंट यांच्या तारांत सिग्नलला लागणारा वेळ सारखा नसतो. हा फरक फक्त १ नॅनोसेकंद असला, तरी ४०० व्होल्ट आणि २० अँपिअरला ऊर्जेत सुमारे ८ मायक्रोज्यूलची चूक होते, आणि गॅलियम नायट्राइडच्या वेगवान स्विचची एकूण स्विचिंग ऊर्जाच काही दहा मायक्रोज्यूल असू शकते. तेव्हा दर वेळी दोन्ही वाहिन्यांचा कालभेद आधी जुळवून घ्या. प्रोबची लांबलचक जमिनीची तार काढून टाका. साध्या तारेचे इंडक्टन्स दर सेंटिमीटरला सुमारे १० नॅनोहेन्री असते, आणि पडद्यावर दिसणारी बरीचशी थरथर त्या तारेचीच असते.

गॅलियम नायट्राइडमध्ये ऑन-रोध मोजताना ‘किती वेळाने’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. बंद अवस्थेत उच्च व्होल्टेज सोसताना काही इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकतात, त्यामुळे चालू झाल्यावर सुरुवातीचा रोध डेटाशीटमधल्या आकड्यापेक्षा जास्त असतो आणि हळूहळू खाली येतो. एक मायक्रोसेकंदाने मोजलेला आणि एक सेकंदाने मोजलेला रोध हे दोन वेगळे आकडे आहेत. हे मोजमाप कसे करावे यावर जेडेक या मानक संस्थेची जेईपी१७३ ही मार्गदर्शिका २०१९ पासून उपलब्ध आहे. ती आधी वाचा आणि मगच जोडणी करा.

डीसी बाजूचा कपॅसिटर वीजपुरवठा बंद केल्यावरही भरलेला राहतो. डिस्चार्ज रोधक कायमचा जोडून ठेवा, मीटरने शून्य पाहिल्याशिवाय हात घालू नका आणि या टेबलावर एकट्याने काम करू नका.

७. शोधनिबंध आणि डेटाशीट वाचण्याची पद्धत

या क्षेत्राची मुख्य परिषद आयएसपीएसडी ही आहे. ती १९८८ पासून भरते आणि नव्या रचना बहुधा तेथेच प्रथम दिसतात. तिच्या अलीकडच्या दोन-तीन वर्षांच्या निबंधांची फक्त शीर्षके आणि आकृत्या चाळल्या, तरी वारे कोठे वाहते आहे ते कळते. कोणत्याही निबंधात आधी विशिष्ट ऑन-रोधाचे क्षेत्रफळ शोधा. ते सक्रिय भागाचे आहे की कडेच्या रचनेसह संपूर्ण चिपचे? लहान चाचणी डिव्हाइसमध्ये कडच चिपचा बहुतांश भाग व्यापते, त्यामुळे दोन्हींत अनेक पटींचा फरक पडू शकतो. तसेच ब्रेकडाउन म्हणून कोणत्या गळतीच्या धारेला रेघ मारली आहे, तेही पाहा.

डेटाशीटच्या पहिल्या पानावरची धारा बहुधा खोक्याचे तापमान २५ अंश धरून काढलेली असते. प्रत्यक्षात कोणतेही खोके त्या तापमानाला राहत नाही. थेट तापमान-रोध आलेखाकडे जा.

८. मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा निवडणे

ही पायरी कालक्रमाने पहिली येते, पण वरचे सगळे ठाऊक असल्याशिवाय काय विचारावे हे कळत नाही, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. अर्जासाठी गुणपत्रिका, उद्देशपत्र, शिफारसपत्रे आणि असल्यास पदवीच्या प्रकल्पाचा अहवाल लागतो. उद्देशपत्रात लहानपणापासूनच्या विज्ञानप्रेमावर परिच्छेद खर्ची घालण्याऐवजी ड्रिफ्ट थराचा एखादा हिशेब तुम्ही स्वतः केला आणि त्यातून कोणता प्रश्न पडला, एवढे लिहा. निवड करणारा प्राध्यापक तेथे थांबतो.

भेटीत पुढील गोष्टी स्पष्टपणे विचारा. वेफर कोठून येतात आणि त्यांच्या एपिटॅक्सीचा (वेफरवर स्फटिक थर वाढवण्याचा) खर्च कोणत्या प्रकल्पातून निघतो? इम्प्लांट आणि उच्च तापमानाची भट्टी संस्थेत आहे की बाहेर पाठवावे लागते? उच्च व्होल्टेजचा कर्व्ह ट्रेसर किती गटांत वाटलेला आहे? काम एखाद्या कंपनीच्या करारात असेल, तर निकाल प्रकाशित करायला परवानगी कोणाची आणि किती दिवसांत मिळते? शेवटचा प्रश्न मार्गदर्शकांना नव्हे, तर तेथे तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने गाठून विचारा: मास्कचे रेखाटन पाठवल्यापासून पहिले डिव्हाइस मोजेपर्यंत प्रत्यक्षात किती महिने लागले, आणि त्यातले किती महिने रांगेत गेले?